परवानगीच्या आड आलेला जिना

लोक माझ्या अंगावर पाय देऊन वर-खाली करतात, पण माझ्याशी बोलायला कुणी थांबत नाही. म्हणून आज मीच बोलतो. मी रोशन गेटजवळच्या एका बोळातला, गयासभाईंच्या घराला बाहेरून लावलेला लोखंडी जिना. 'लावलेला' हा शब्दही आता खरा राहिला नाही म्हणा. सध्या मी त्याच घराच्या भिंतीशी दोन तुकड्यांत आडवा पडलोय. उभ्याचा आडवा कसा झालो, ते सांगतो.

माझा जन्म चिकलठाण्याकडच्या एका शेडमध्ये झाला. कडुबा नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. त्याची एक सवय होती. जोडणी थंड झाली की तो प्रत्येक पायरीवर स्वतः चढायचा आणि दोन्ही पायांनी उडी मारायचा. "नाचून बघितल्याबिगर जिना द्यायचा नाय," म्हणायचा. मी तेव्हा हललोही नाही.

सुरुवातीला मी एका बियाण्याच्या गोदामात होतो. हमाल पोती घेऊन चढायचे. गोदाम बंद पडलं आणि मी भंगारात गेलो. तिथं शेळ्या माझ्यावर चढून बसायच्या, पावसात माझा रंग उडायचा. तिथूनच गयासभाईंनी मला आणलं.

गयासभाई कूलर बनवतात. पत्रा कापायचा, अँगल जोडायचे, बाजूच्या जाळ्यांत गवत भरायचं, हे काम घराच्या पुढच्या खोलीत चालतं. ती खोली कायम कूलरनं भरलेली. मागं दोन लहान खोल्या. मुलाचं, हारिसचं, लग्न ठरलं तेव्हा वर पत्र्याची खोली चढवली. आतून जिना काढायला जागाच नव्हती, म्हणून मी बाहेर आलो. माझ्या शेवटच्या तीन पायऱ्या थेट बोळात उतरल्या.

"परवानगी लागंल ना ओ?" सगीराबींनी त्या दिवशी नवऱ्याला विचारलं होतं.

"अरे, बाहर का जिना है. उसको कायकू परवानगी?" गयासभाई हसले.

समोर राहणाऱ्या तन्वीरची रिक्षा त्या दिवसापासून आरसा दुमडून जायला लागली. तरी महिन्यातून एकदा ती मला घासायचीच. तन्वीर खाली उतरून मला एक शिवी द्यायचा आणि लगेच माझ्याच पायरीवर बसून चहा प्यायचा. माणसांचं असं असतं. अडचण रोजची झाली की तिच्यावर बसायची सवय होते.

हारिस नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वरची खोली योगिनीनं भाड्यानं घेतली. योगिनी कन्नड तालुक्यातल्या एका गावची. घाटी दवाखान्याजवळच्या मेडिकलवर काउंटरला उभी राहते. तिच्यासोबत तिचे वडील आले, त्रिंबकबाबा; ती त्यांना आबा म्हणते. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला धनगर माणूस, आता दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा घाटीत डायलिसिस. कळप पुतण्याकडं ठेवला होता, पण रोज फोनवर कोणती मेंढी व्याली, कोणती लंगडतीय, याची चौकशी चाले.

त्रिंबकबाबा माझ्यावर चढायचे ते घाट चढावा तसे. काठी आधी, मग एक पाय, मग दुसरा. मध्ये थांबून कठडा धरून उभे राहायचे. "लई उभा बांधलाय रं तुला," म्हणायचे. मी गोदामाचा जिना. पोती वाहणाऱ्या तरण्या पायांसाठी बांधलेला. माझ्या पायऱ्या उंच होत्या, हे खरंच होतं.

आणखी एक गोष्ट खरी होती. ती फक्त मला ठाऊक होती. वरच्या खिडकीतल्या कूलरचं पाणी दोन उन्हाळे माझ्या वरून सहाव्या पायरीवर ठिबकत होतं. वरून पायरी धड दिसायची. खालून भिंतीकडचा जोड गंजून पापुद्र्यासारखा झाला होता. योगिनी घाईनं त्या पायरीवरून उतरायची तेव्हा मी अंग चोरायचो. सांगणार कसा? मला तोंड नाही. मी फक्त करकरू शकत होतो, आणि जिना करकरला तर कोण लक्ष देतं?

गेल्या वर्षी मागच्या बोळात एका घराची विनापरवाना गॅलरी कोसळली. माणसं वाचली, पण त्यानंतर महापालिकेची माणसं घराघरांवर नजर टाकत फिरायला लागली. आमच्या पत्र्याच्या खोलीपुढंही ती थांबून गेली. यंदाच्या उन्हाळ्यात वरचा पत्रा असा तापला, की त्रिंबकबाबा दुपारी ओलं फडकं डोक्यावर घेऊन माझ्या वरच्या पायरीवर सावलीला येऊन बसायचे. हारिसही बायकोला घेऊन परत येतो म्हणत होता. गयासभाईंनी ठरवलं, वर पक्का स्लॅब टाकायचा, आतून जिना घ्यायचा. हारिसला एक खोली, योगिनीला एक.

"इस बार सब कायदे से," ते म्हणाले. "मंजुरी लेके."

नकाशाचं काम श्रेयाकडं गेलं. ती तरुण आर्किटेक्ट. हातात टेप, पायात स्पोर्ट्स शूज. तिनं घर मोजलं, बोळ मोजला, शेवटी मला मोजलं आणि टेप गुंडाळला.

"चाचा, हा जिना रस्त्यात आलाय," ती म्हणाली. "मी नकाशात नाही दाखवला तरी ते बघायला येणारच."

"नया जिना अंदर बन गया, तो इसको काढूनच टाकायचंय ना, बेटा."

"तेच लिहिते. बघू काय म्हणतात."

अर्ज ऑनलाइन गेला. काही दिवसांनी पाहणीला कनिष्ठ अभियंता आला. सत्यम त्याचं नाव. वयानं लहान, पण बोलणं कागदासारखं सरळ. त्यानं बोळाची रुंदी घेतली, माझ्या पायाशी उभं राहून फोटो काढला.

"आधी जिना काढा. मोकळ्या रस्त्याचा फोटो अपलोड करा. मग प्रस्ताव पुढं जाईल."

"साहेब, जिना काढला तर वरचे लोक उतरतील कसे?" गयासभाईंनी विचारलं. "पहिले परवानगी द्या. आतला जिना बांधतो, मग हा काढतो."

"रस्त्यावर अतिक्रमण असताना परवानगी देता येत नाही."

"और परवानगी के बगैर अंदर का जिना बांधता येत नाही!"

"बरोबर," सत्यम म्हणाला. त्यालाही ते ऐकून कसंसं झालं असावं, कारण त्यानं नजर श्रेयाकडं वळवली. "उद्या या बोळात आग लागली तर बंब कुठून आणायचा, सांगा? मी पुढच्या गुरुवारी परत येतो. तोवर जिना असाच राहिला तर प्रस्ताव नामंजूर होईल. आणि मग वरच्या खोलीला नोटीसही निघेल."

तो गेला. मी तिथंच उभा. राहिलो तर घर अडणार, गेलो तर वरचा माणूस अडणार.

त्या आठवड्यात घरात कुणी नीट जेवलं नाही. योगिनी कामावरून सुटली की खोल्या बघत फिरायची. तळमजल्यावरची खोली मिळेना. कुठं आजारी माणूस आहे म्हटलं की दार अर्धं लागायचं, कुठं खोली घाटीपासून इतकी लांब की बाबांना नेणं-आणणं जमलं नसतं. सगीराबींनी एकदा चाचरत विषय काढला.

"सामने का कमरा खाली करो ना. बाबा को उधर रखेंगे."

"और कूलर किदर रखूं? सिर पे?" गयासभाई कडाडले. "सीझन चालू आहे! चार महिने का तो धंदा है मेरा."

सगीराबी आत निघून गेल्या.

बुधवारी गयासभाईंनी दुकानदार मित्राकडून गॅस कटर आणला आणि माझ्या पायाशी ठेवला. दोन टाक्या, लांब नळी, पितळी तोंड. ते समोर उकिडवे बसले. एकदा कटरकडं बघत, एकदा वर. सगीराबी बाहेर आल्या आणि माझ्या पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसल्या.

"पहले ऊपर का आदमी. फिर तुम्हारा नक्शा."

"मैं क्या दुश्मन हूं उनका?" गयासभाईंचा आवाज फुटला. "नामंजूर झालं तर ऊपर की खोलीच जाणार. फिर भी बाबा रस्त्यावरच ना?"

वर पत्र्याच्या खोलीत त्रिंबकबाबा जागे होते. पत्र्यातून सगळं ऐकू येतं. ते दाराशी येऊन उभे राहिले आणि परत आत गेले.

गुरुवार उजाडला. योगिनी कामावर गेली. शुक्रवारी डायलिसिस असायचं, त्यामुळं गुरुवारी बाबांच्या पायांवर सूज चढलेली असायची आणि दम लवकर लागायचा. दुपारचं जेवण न करताच त्यांनी घोंगडी गुंडाळली, औषधांची पिशवी मनगटाला अडकवली, काठी घेतली आणि दार ओढून घेतलं. कुठं निघालेत ते मला तेव्हाच कळलं. साहेब यायच्या आत वरची खोली रिकामी करायची आणि एसटीनं गावाकडं जायचं. गावात मेंढरं होती, पुतण्या होता. डायलिसिसचं यंत्र नव्हतं.

पहिली पायरी. दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. काठी हातातून सुटली आणि खणखणत खाली बोळात जाऊन पडली. ते बसले आणि कठड्यावर कलंडले.

सगीराबी धावत बाहेर आल्या. "बाबा! अजी सुनते हो! बाबा को देखो!"

गयासभाई हातातला पत्रा टाकून आले. त्याच वेळी बोळाच्या तोंडाशी श्रेया आणि सत्यम येत होते. सत्यमच्या हातात टॅब होता.

"कुठं निघाला होता बाबा?" गयासभाई खालूनच ओरडले.

"गावाकडं," बाबा कसेबसे म्हणाले. "तुमचं घर... माझ्यापायी... नगं."

गयासभाई चढायला लागले. ते त्या गंजलेल्या सहाव्या पायरीवर आले तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर लावून करकरलो. ते थांबले नाहीत. पायरीनं त्यांचं एकट्याचं वजन कसंबसं झेललं. त्यांनी बाबांना पाठीवर घेतलं. बाबांचे हात त्यांच्या गळ्याशी, घोंगडी मध्ये लोंबकळत. आणि ते उतरायला लागले. आता दोन माणसांचा भार त्याच पायरीवर येणार होता. मला दुसरं काही सुचेना. कडुबा कसा दोन्ही पायांनी नाचला होता, तेवढंच डोळ्यांपुढं येत राहिलं.

गयासभाईंनी पाय ठेवला आणि भिंतीकडचा जोड तुटला.

पायरी एका अंगाला खचली. गयासभाईंचा गुडघा वळला, त्यांनी एका हातानं कठडा गच्च धरला. दोघंही भिंतीवर आदळले. सगीराबी किंचाळल्या. गयासभाईंचा दुसरा पाय अजून वरच्याच पायरीवर होता. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. पाठीवरच्या बाबांची मान त्यांच्या खांद्यावर लोळत होती.

सत्यमनं टॅब खाली टाकला. माझ्या पोटाखाली तो वाकून शिरला आणि दोन्ही हात वर करून त्यानं तुटलेली पायरी खालून तोलून धरली. गंजाचा भुगा त्याच्या डोळ्यांत, कॉलरीत पडत होता. पत्र्याची धार त्याच्या तळव्यात रुतली.

"चाचा, खालची पायरी बघा! तिच्यावर पाय टाका! मी धरलंय!"

"गिर गया तो?"

"नाही पडत! मी धरलंय म्हणतोय ना!"

श्रेया खालून चढून आली. तिनं बाबांचे सुजलेले पाय दोन्ही हातांनी उचलून धरले. गयासभाईंनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पाय खाली टाकला. पुढची पायरी पक्की होती. मग तिच्या खालची. मी उरलेल्या सगळ्या जोडांनिशी धरून राहिलो.

खाली आल्यावर तन्वीरनं रिक्षा काढली, पण ती घरापर्यंत येईना. माझ्या त्याच तीन पायऱ्या आडव्या. त्यानं रेटली, आरसा तुटला, तरी रिक्षा अडलीच. शेवटी गयासभाई बाबांना पाठीवर घेऊनच बोळाच्या तोंडापर्यंत पळाले. मी मागून बघत होतो. एका बाजूनं मीच त्यांना तोलून धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं मीच त्यांची वाट अडवली होती.

ते गेल्यावर बोळ शांत झाला. सगीराबींनी सत्यमच्या हातावर हळद दाबून चिंधी बांधली. श्रेयानं टॅब उचलला. काच तडकली होती.

"सर, आजचा शेरा काय लिहिणार?" तिनं विचारलं.

"जिना धोकादायक, काढणं आवश्यक." मग तो म्हणाला, "मागच्या वेळीही 'काढा' एवढंच लिहिलं होतं. तेव्हा वर कोण राहतं, एवढंही विचारलं नव्हतं मी." तो माझ्याकडं बघत होता. "आज नामंजूर करत नाही. वरिष्ठांकडं थोडी मुदत मागतो. मिळेलच असं नाही."

त्रिंबकबाबांना घाटीत ठेवून घेतलं. योगिनी मेडिकलवरून तशीच धावत गेली होती. दोन दिवस बाबा वाचतात की नाही, हेच कळत नव्हतं. सगीराबी डबा घेऊन जायच्या, परत आल्या की माझ्या पायरीवर बसायच्या. तिसऱ्या दिवशी योगिनीचा सगीराबींना फोन आला. "खाला, आबांनी डोळे उघडले. मेंढरांचं विचारलं." सगीराबींनी पदरात तोंड खुपसलं.

त्याच संध्याकाळी गयासभाईंनी पुढच्या खोलीतला पहिला कूलर बाहेर काढला. मग दुसरा. तन्वीर न बोलवता मदतीला आला. सगळे कूलर त्याच्या अंगणात ताडपत्रीखाली गेले. पुढं अवकाळी पाऊस आला, त्यात काही कूलरांचे पत्रे गंजले आणि काहींचं गवत सडलं. त्या संध्याकाळी मात्र गयासभाईंनी खोली झाडली, पुसली, बाज टाकली.

बाबा दवाखान्यातून आले ते थेट त्या खोलीत. माझ्यावर चढायची वेळच आली नाही. बाजेवर टेकले आणि त्यांनी श्वास ओढून घेतला. "गवताचा वास येतोय हितं," म्हणाले. "आता झोप लागंल."

मुदत मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गयासभाईंनी कटर पेटवला. "बिस्मिल्ला," म्हणाले आणि निळी ज्योत माझ्या वरच्या जोडाला लावली. मी घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. पण योगिनीही सामानासह खाली आली होती; आता वर कुणी अडकलेलं नव्हतं. मी दोन तुकड्यांत खाली आलो, बोळ मोकळा झाला आणि श्रेयानं फोटो काढला. तन्वीरची रिक्षा आरसा न दुमडता निघून गेली. त्यानं सवयीनं माझ्या जागेकडं वळून पाहिलं.

तरी परवानगी लगेच आली नाही. प्रस्ताव एकदा परत आला. आतल्या जिन्याची रुंदी कमी पडत होती, नकाशा बदलून द्या म्हणाले. गयासभाईंनी कपाळावर हात मारला. श्रेया पुन्हा टेप घेऊन आली आणि पुढच्या खोलीत खडूनं रेघा मारायला लागली. बाबा बाजेवरून बघत होते.

"पोरी, जिना करतीस?"

"हो बाबा."

"मग त्याच्या पायऱ्या बुटक्या कर."

योगिनी हसली. "आबा, तुम्हाला कशाला वर जायचंय आता? इथंच राहायचं."

"गच्चीवरून डोंगराची कड दिसती म्हणं. त्या अंगाला आपला घाट हाय. एकदा बघीन म्हणतो."

श्रेयानं तन्वीरच्या अंगणातून विटा आणल्या. जमिनीवर एक वीट ठेवली, तिच्यावर दुसरी. बाबांना धरून उभं केलं. दोन विटांवर त्यांचा पाय पोचला, पण पोटरी थरथरली. तिनं वरची वीट काढली, खालच्या विटेवर फरशीचा तुकडा ठेवला. बाबांनी पाय उचलला, ठेवला, अंगाचा भार टाकला आणि दुसरा पायही वर घेतला.

"हां," बाबा म्हणाले. "एवढी ठेव."

श्रेयानं ती उंची मोजून लिहून घेतली. "पायऱ्या वाढतील चाचा. जिना लांब होईल. ही खोली अजून लहान होईल."

गयासभाईंनी खोलीभर नजर फिरवली. "होने दो."

आज सकाळी मंजुरी आली. गयासभाईंच्या मोबाईलवर संदेश वाजला, तेव्हा बाबा डायलिसिसला गेले होते. सगीराबींनी आधी एकच विचारलं, "पायऱ्या?" गयासभाईंनी चष्मा लावला, नकाशा बोटांनी मोठा केला आणि एकेक पायरी मोजली. मग म्हणाले, "हौ. बुटक्याच मंजूर झाल्या."

आता मी भिंतीशी पडलोय. घर बांधणाऱ्यांनो, जाता जाता एवढंच मागतो. जिना बांधाल तेव्हा आज धावत चढणाऱ्यांकडं बघून बांधू नका, उद्या थांबत थांबत चढणाऱ्यांसाठी बांधा. आणि रस्त्यावर उतरायच्या आधी रस्त्याला विचारा. मला कुणी विचारायला शिकवलं नाही, म्हणून हे सगळं घडलं.

आत्ता भंगाराची गाडी आलीय. दोन माणसं उतरून माझ्या तुकड्याला हात घालतायत. बाबांना घेऊन योगिनीही आत्ताच परतलीय. बाबा दारात बसून बघतायत. गाडीवाल्यानं विचारलं, "फेकू का वर?"

"नक्को," सगीराबी पुढं होऊन म्हणाल्या. "सँभाल के उठाव."

भंगार सांभाळून उचला, असं कुणी म्हणतं, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं. येतो मी.